हायब्रीड गाडीचे ‘पाणी’ सांभाळा



आपल्या वस्तीतल्या किती घरांचा संसार आज ड्रायव्हरकीवर चालतो, हे पाहायचे असेल तर सकाळी वाशीम, रिसोड, कारंजा किंवा मंगरूळपीरच्या बस स्टँडबाहेर जरा उभे राहावे. कोणी मालकाची गाडी महिन्याच्या पगारावर चालवतो. कोणी दिवसाच्या भाड्यावर चालवतो. कोणी घरातला दागिना गहाण ठेवून, बचत गटाचे कर्ज काढून स्वतःची जुनी गाडी घेतलेली असते आणि तिच्यावरच मुलांच्या शाळेची फी निघते. अशा घरात गाडी बंद पडली म्हणजे नुसती गाडी बंद पडत नाही, भाकरी बंद पडते. म्हणून या वेळी आम्ही गाडीविषयी लिहीत आहोत. हा मजकूर फक्त पुरुषांनी वाचावा असे मुळीच नाही. घरातल्या बायकामुलांच्या जिवाशी संबंध असलेली एक गोष्टही यात आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या गाड्या बदलल्या आहेत. पूर्वी काळीपिवळी जीप होती. तिचे बॉनेट उघडले की सारे डोळ्यांसमोर दिसायचे. पाणी कमी झाले तर विहिरीवरची बादली ओतून माणूस पुढे जायचा. आता मागच्या काचेखाली ‘हायब्रीड’ असे लिहिलेल्या गाड्या आल्या. मारुतीने २०१५ साली सियाझ आणि अर्टिगा या गाड्यांत आपली हायब्रीड पद्धत आणली. २०२२ साली टोयोटाची हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा, होंडाची सिटी आणि त्या वर्षाच्या शेवटी इनोव्हा हायक्रॉस अशा गाड्या एकापाठोपाठ एक आल्या. जगात पाहिले तर टोयोटाची प्रियस ही गाडी जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्येच विक्रीला आली होती. म्हणजे ही विद्या नवी नाही, आपल्या दारात मात्र ती आता पोहोचली आहे.

हायब्रीड म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. या गाडीत इंधनावर चालणारे इंजिन असते आणि सोबत विजेची मोटरही असते. पण सगळ्या हायब्रीड सारख्या नसतात. अर्टिगासारख्या गाडीत जी पद्धत आहे तिला ‘माइल्ड’ म्हणजे सौम्य हायब्रीड म्हणतात. तिच्यात एक छोटी मोटर पट्ट्याने इंजिनाला जोडलेली असते. ती इंजिनाला हातभार लावते, सिग्नलवर बंद झालेले इंजिन पुन्हा सुरू करते. पण ती एकटी गाडी ओढत नाही. हायरायडर आणि ग्रँड विटारा यांची वरची मॉडेल किंवा हायक्रॉस हायब्रीड या ‘स्ट्राँग’ म्हणजे पूर्ण हायब्रीड गाड्या. यांत गाडी काही अंतर नुसत्या मोटरवर, इंजिन बंद ठेवून चालते. आपल्या हाती असलेली गाडी या दोनपैकी कोणती आहे, हे आधी समजून घ्यावे. पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.

दोन बाटल्या, दोन वाटा

पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, तिच्यातली निम्म्याहून अधिक उष्णता चाके फिरवण्याच्या कामी येतच नाही. ती धुरावाटे आणि इंजिनाच्या अंगावाटे बाहेर टाकावी लागते. त्यासाठी इंजिनाभोवती कूलंट फिरते, गरम होऊन पुढच्या रेडिएटरमध्ये येते, तिथे वाऱ्याने थंड होते आणि परत जाते. हे फिरणे थांबले, तर काही मिनिटांत इंजिनाचे हेड वाकते, गॅसकेट जळते आणि महिनाभराची कमाई गॅरेजमध्ये जाते.

हे झाले कोणत्याही गाडीचे. पूर्ण हायब्रीड गाडीत याशिवाय आणखी एक वाट असते. लोडशेडिंगमुळे आपल्यापैकी अनेकांच्या घरी इन्व्हर्टर आला. पंखे, दिवे त्याच्यावर चालले की तो गरम होतो, त्याचा छोटा पंखा घरघर करू लागतो, हे आपण पाहिले आहे. हायब्रीड गाडीतही इन्व्हर्टर असतो. बॅटरीतली वीज मोटरला चालेल अशी करून देणे हे त्याचे काम. त्याच्यातून जाणारी वीज घरच्यापेक्षा कितीतरी जास्त असल्याने नुसत्या पंख्याने त्याचे भागत नाही. म्हणून त्याला थंड ठेवण्यासाठी वेगळे कूलंट, वेगळा छोटा पंप आणि बहुतेक गाड्यांत वेगळी बाटली असते.

नेमकी इथेच फसगत होते. बॉनेट उघडून एका बाटलीत कूलंट ठीक दिसले की माणूस निश्चिंत होतो. दुसरी बाटली बाजूला बारीक असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. शहरातल्या गर्दीत गाडी मोटरवर रांगत असते, तेव्हा इंजिन थंड असूनही इन्व्हर्टर तापलेला असू शकतो. मोठ्या रस्त्यावर सलग वेगाने जाताना इंजिनावर ताण येतो. म्हणून दोन्ही बाटल्या पाहिल्या पाहिजेत. इन्व्हर्टरचा पंप बिघडणे ही कल्पनेतली गोष्ट नाही. २०१२ साली टोयोटाने जुन्या प्रियस गाड्या याच पंपाच्या दोषासाठी जगभरातून परत बोलावून दुरुस्त करून दिल्या होत्या.

आपल्या भागात ही काळजी अधिक का

वाशीम जिल्ह्याचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. डांबराजवळची हवा त्याहून तापलेली असते. रेडिएटर थंड होतो तो याच हवेने. त्यात समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, शेलूबाजार, मालेगाव भागातून गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता झाला. नागपूरच्या दवाखान्यात पेशंट न्यायचा असो की मुलीला परीक्षेला सोडायचे असो, आता आपल्या गाड्या याच रस्त्याने जातात. गावच्या रस्त्यावर गाडी दर दहा मिनिटांनी हळू व्हायची, इंजिनाला उसंत मिळायची. या रस्त्यावर ती तास-दोन तास एकाच वेगाने पळते. कूलंट थोडे कमी असेल तर ते गावात कळत नाही, या रस्त्यावर कळते.

दुसरी अडचण पाण्याची. आपली जमीन काळ्या खडकाची. बोअरचे पाणी जड असते. चहाच्या भांड्याला, पाण्याच्या माठाला जो पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. अकोट, दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यात गाडी गेली आणि तिथले खारे पाणी ओतले, तर गंज ठरलेलाच. जीपच्या काळात बादलीभर पाण्याने भागले म्हणून या गाडीत भागणार नाही. हिच्या रेडिएटरच्या नळ्या बारीक, पंप नाजूक, आणि इन्व्हर्टरच्या वाटेत गाळ अडकला तर खर्च सामान्य घराला पेलणारा नाही.

तिसरी गोष्ट भुसकटाची. सोयाबीन काढणीच्या दिवसांत, मळणी यंत्रे चालू असताना रस्त्यावर भुसा उडतो. तो जाळीतून आत जाऊन एसीच्या जाळीवर आणि तिच्या मागच्या रेडिएटरवर बसतो. त्यावर रात्रीचे किडे चिकटतात. महिनाभरात गोधडीसारखा थर होतो. कूलंट पूर्ण असूनही गाडी तापते, ती यामुळे. दिवाळीच्या सुमारास गाडी धुताना पुढच्या जाळीवर साध्या नळाच्या धारेने, गाडी थंड असताना, हलकेच पाणी मारावे. सर्व्हिसिंग सेंटरची जोरदार धार जवळून मारू नये. तिने रेडिएटरच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि वारा जायची जागाच बंद होते. विजेच्या भागांवर तर पाण्याची धार कधीच मारू नये.

कूलंट कोणते, पाणी कोणते

कूलंट हे नुसते रंगीत पाणी नाही. त्यात ग्लायकॉल नावाचे द्रव्य असते आणि गंज रोखणारी औषधे असतात. साधे पाणी १०० अंशांना उकळते. निम्मे ग्लायकॉल, निम्मे पाणी असे मिश्रण त्याहून काही अंश उशिरा उकळते, आणि रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते म्हणून तो आकडा १२० अंशांच्याही वर जातो. म्हणून झाकणाचे रबर झिजले असेल तर कूलंट चांगले असूनही गाडी उकळते. झाकण ही थोड्या पैशांची वस्तू आहे. मिस्त्रीने बदला म्हटले तर घासाघीस करू नये.

रंगावर जाऊ नये. टोयोटाचे कूलंट गुलाबी, होंडाचे निळे, जुन्या गाड्यांचे हिरवे. पण रंग हा कंपनीने घातलेला असतो. दोन गुलाबी बाटल्यांत दोन वेगळी औषधे असू शकतात. वेगळ्या जातीची कूलंट एकत्र केली तर गंज रोखण्याची ताकद कमी होते, कधी आत चिकट गाळ धरतो. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात कोणते कूलंट वापरायचे ते छापलेले असते. ते पुस्तक इंग्रजीत असेल तर घरातल्या शिकत्या मुलाकडून किंवा मुलीकडून ते पान वाचून घ्यावे आणि नाव मराठीत लिहून ठेवावे. कॉलेजात जाणाऱ्या लेकीने बापाला गाडीचे पुस्तक वाचून दाखवावे, याहून शिक्षणाचा रोकडा उपयोग कोणता?

दुकानात दोन प्रकारचे डबे मिळतात. एक तयार मिसळलेले, जसेच्या तसे ओतायचे. दुसरे दाट, त्यात पाणी मिसळावे लागते. डब्यावर काय लिहिले आहे ते विचारूनच घ्यावे. पाणी मिसळायचे तर डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत टाकतात ते शुद्ध पाणी घ्यावे. मात्र दुकानदाराने चुकून बॅटरीचे ॲसिड दिले नाही ना, हे पाहून घ्यावे.

कूलंट किती दिवसांनी बदलायचे? जुन्या हिरव्या कूलंटचे आयुष्य साधारण दोन वर्षांचे धरत. नव्या प्रकारचे बरेच अधिक चालते. अमेरिकेतील टोयोटाच्या हायब्रीड गाड्यांना इंजिनाचे कूलंट पहिल्यांदा सुमारे १,६०,००० किलोमीटरला आणि इन्व्हर्टरचे सुमारे २,४०,००० किलोमीटरला बदलायला सांगितलेले असते. आपल्या गाडीचा आकडा आपल्या पुस्तकात पाहावा. पण जुनी गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकाने त्यात काय ओतले याचा कागद नसेल, तर या मोठ्या आकड्यांचा आधार घेऊ नये. एकदा सारे काढून, धुऊन, नवे भरून घ्यावे आणि तिथून मोजणी सुरू करावी. हे काम माहीतगार गॅरेजमध्येच करावे. या वाटांत हवा अडकून राहिली तर पंप नुसताच फिरतो, कूलंट फिरत नाही. हवा काढायला अनेक गाड्यांत संगणक जोडून पंप चालवावा लागतो.

दर आठवड्याची पाच मिनिटे

आठवड्यातून एक दिवस ठरवावा. सकाळी गाडी रात्रभर थंड झालेली असताना, सपाट जागेवर हे करावे.

पहिले, गाडी पूर्ण बंद करावी. ‘रेडी’ असा दिवा लागलेला असेल तर गाडी जिवंत आहे असे समजावे. आवाज येत नाही म्हणून ती बंद आहे असे नाही. या गाड्यांचे इंजिन आपोआप सुरू होऊ शकते आणि बोटे पट्ट्यात सापडू शकतात. चावीसुद्धा गाडीपासून दूर, घरात ठेवावी.

दुसरे, जाड नारिंगी रंगाच्या वायरींना हात लावू नये. त्यांतून जिवावर बेतणारा दाब वाहतो. ‘मी इलेक्ट्रिकचे काम करतो, मला काही होत नाही’ असे म्हणणाऱ्यानेही लावू नये.

तिसरे, दोन्ही बाटल्यांवरच्या खालच्या आणि वरच्या खुणा पाहाव्यात. पातळी दोहोंच्या मध्ये हवी. झाकण उघडायची गरज नाही, बाहेरून दिसते. एकदा भरल्यावर पातळी पुन्हा पुन्हा खाली येत असेल, तर कुठेतरी गळती आहे. भरत राहणे हा उपाय नव्हे.

चौथे, रबरी होजच्या सांध्यांवर गुलाबी, निळा किंवा पांढरा सुकलेला थर दिसतो का, ते पाहावे. गाडीखाली ओल असेल तर ती बोटाने नव्हे, कागदाने टिपावी. बिनरंगी, बिनवासाचे पाणी बहुधा एसीचे असते, त्याची चिंता नाही. रंगीत, चिकट असेल तर त्याच दिवशी गॅरेज गाठावे. माइल्ड हायब्रीड गाडीत पट्ट्याला चिरा पडल्या आहेत का, तेही पाहावे.

पाचवे, काही हायब्रीड गाड्यांत मोठ्या बॅटरीला हवा देणारी जाळी मागच्या सीटजवळ असते. लग्नाच्या दिवसांत तिथे पिशव्या, गोधड्या कोंबल्या जातात. बॅटरीला थंड ठेवायची ती वाट आहे, ती मोकळी ठेवावी.

गाडी तापलीच तर

काही गाड्यांत तापमानाचा काटा असतो, काहींत नुसता लाल दिवा. दिवा लागला की एसी बंद करावा आणि सुरक्षित जागा पाहून डाव्या बाजूला थांबावे. ‘पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ’ म्हणून निघालेली गाडी फाट्यावर पोहोचते, पण तिचे इंजिन पोहोचत नाही. मोठ्या महामार्गावर असाल तर चारही दिवे लुकलुकते ठेवून सर्वांना गाडीतून उतरवावे आणि कठड्यापलीकडे उभे करावे. लेकरांना गाडीत किंवा गाडीमागे बसवू नये.

झाकण उघडू नये. हे आम्ही पुन्हा लिहितो: गरम गाडीचे झाकण उघडू नये. आतले द्रव १०० अंशांच्या वर असून केवळ दाबामुळे उकळायचे थांबलेले असते. झाकण फिरवताच ते तोंडावर उसळते. डोळे जातात. पाऊण तास, तासभर थांबावे. पंखा आपोआप सुरू होतो, त्यात हात घालू नये. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, लोखंडाला चीर जाते. कोणी भाजलेच, तर भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे थंड वाहते पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नये. १०८ नंबरला फोन करावा.

थंड झाल्यावर बाटली रिकामी दिसली तर गाडी चालवू नये. पूर्ण हायब्रीड गाडी दोरी बांधून ओढत नेऊ नये; पुढची चाके फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार होते. तिला उचलून, सपाट गाडीवर चढवूनच न्यावे.

माता-भगिनींसाठी

कूलंट गोड लागते आणि ते विष आहे. गुलाबी कूलंट शरबतासारखे दिसते. उरलेले कूलंट थंड पेयाच्या बाटलीत भरून घरात ठेवणे म्हणजे लेकराच्या हाती विष देणे होय. ते मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, उंच जागी ठेवावे. अंगणात सांडले तर माती टाकून भरून घ्यावे, जागा भरपूर पाण्याने धुवावी. शेळी, कुत्रे ते चाटून मरतात. जुने काढलेले कूलंट नालीत किंवा विहिरीकडे टाकू नये, गॅरेजवालाच ते ठेवून घेईल असे पाहावे. मुलाने प्यायले असे नुसते वाटले तरी उलटी काढत बसू नये. डबा सोबत घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठावा. सुरुवातीला मूल बरे दिसते, म्हणून वाट पाहू नये.

ड्रायव्हरची वही

शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मालकाची गाडी तापून इंजिन गेले की पहिला आळ ड्रायव्हरवर येतो. ‘तू पाणी पाहिले नाहीस’ एवढे म्हटले की पगार कापला जातो आणि गरिबाच्या शब्दाला साक्षीदार नसतो. म्हणून पाच रुपयांची वही गाडीत ठेवावी. दर आठवड्याला तारीख, किलोमीटर, दोन्ही बाटल्यांची पातळी आणि केलेले काम लिहावे. कमी आढळले तर मालकाला त्याच दिवशी सांगावे, फोनवर फोटो पाठवावा आणि वहीत ‘मालकास कळवले’ अशी नोंद करावी. कूलंटचे, गॅरेजचे बिल त्याच वहीत चिकटवावे. लिहिलेली गोष्ट बोललेल्या गोष्टीपेक्षा वजनदार असते. भांडण करायची वेळच येऊ नये म्हणून ती वही आहे. आणि गाडी स्वतःची असेल, तर विकताना हीच वही चार पैसे जास्त मिळवून देते.

आपल्या तरुणांनाही एक सांगणे आहे. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने छत्रपती संभाजीनगरात हायब्रीड आणि विजेवरच्या गाड्यांचा कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी करार केला. कारखान्यात किती जणांना जागा मिळेल ते पुढे दिसेल. पण अशा गाड्या रस्त्यावर वाढतील तसे त्यांची दुरुस्ती जाणणारे हात प्रत्येक तालुक्याला लागतील. आयटीआयला मोटार मेकॅनिकला असलेल्या मुलामुलींनी इन्व्हर्टर, कूलंटची वाट, संगणकावरची तपासणी हे आवर्जून शिकून घ्यावे. आज वाशीमची हायब्रीड गाडी मोठ्या दुरुस्तीसाठी अकोल्याला किंवा नागपूरला पाठवायची वेळ येते. ती इथेच दुरुस्त होऊ लागली, तर तेवढा रोजगार इथे राहील.

हे पान कापून, घडी घालून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावे. ज्यांच्या घरी गाडी नाही, त्यांनी ते शेजारच्या ड्रायव्हरला द्यावे.